नेमका वेध : पंचशिल्पांतील छिद्रकर्माचा अल्प इतिहास

'सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत' ही म्हण आपल्या समाजातील लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. योग्य उपदेश योग्य माणसाच्या मुखातून आला म्हणजे तो बोचत नाही, असा तिचा रूढ अर्थ होय. परंतु हा अलंकार क्षणभर बाजूस ठेवून म्हणीचा मूळ वाच्यार्थ पाहिला, तर तीत एका प्राचीन विद्येची साक्ष आढळते. बालकाच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांवर सारख्या उंचीवर खूण करावयाची, आणि बालकाने मान हलविण्यापूर्वी तार आरपार न्यावयाची, हे काम ज्याच्या हाताला वेधाचा नित्य सराव आहे त्यानेच करावे, असे आपल्या पूर्वजांनी ठरविले. वेध चुकला तर तो बुजविता येत नाही. लाकूड जास्त तासले तर दुसरी फळी घेता येते, पत्रा वाकला तर ठोकून सरळ करता येतो. परंतु भलत्या ठिकाणी पडलेले छिद्र ही कारागिराच्या चुकीची कायमची सही असते.

मनू, मय, त्वष्टा, शिल्पी आणि विश्वज्ञ या विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांपासून लोखंड, लाकूड, तांबे-पितळ, पाषाण आणि सुवर्ण यांचे पाच उद्योग निघाले, अशी आपली परंपरा सांगते. या पाचही उद्योगांना समान असे कर्म शोधू गेल्यास छिद्र पाडणे हे त्यांतील प्रमुख ठरेल. तथापि आपल्या स्मरणिकांतून देवळांची, मूर्तींची आणि दागिन्यांची जितकी वर्णने आली, तितका विचार या साध्या कर्माचा झालेला दिसत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात, यंत्रे विकत मिळत नव्हती तेव्हा आणि मिळू लागल्यावरही, कारागिरांनी घरच्या घरी घडविलेल्या हत्यारांनी नेमके छिद्र कसे साधले, याचा संक्षिप्त आढावा घेण्याचा विचार आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. जगातील सर्व विद्या आपल्याच पूर्वजांनी काढली, असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. अतिप्राचीन काळी ज्यांनी ही हत्यारे चालविली त्यांची जात आपणांस ठाऊक नाही आणि ती ठाऊक होण्याचा संभवही नाही. विद्या हातोहात जाते. तिला कुळाची मर्यादा नसते.

दगडाच्या टोकापासून आरंभ

बलुचिस्तानातील मेहरगढ येथील उत्खननात नऊ माणसांच्या मिळून अकरा दाढांवर कोरलेली छिद्रे आढळली. हा शोध सन २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दाढा सुमारे ७५०० ते ९००० वर्षांपूर्वीच्या असून छिद्रे त्या माणसांच्या जिवंतपणीच पाडलेली होती, असे तपासणीत दिसून आले. संशोधकांनी गारगोटीचे टोक बसविलेला कमानीचा बरमा तयार करून पाहिला, तेव्हा दाताच्या कठीण आवरणात तसे छिद्र एका मिनिटाच्या आत पडले. मण्यांना भोके पाडणाऱ्या कारागिरांनीच ही विद्या दातांकडे वळविली असावी, असा तर्क केला जातो आणि तो सयुक्तिक वाटतो.

पुढे सिंधू संस्कृतीत या कलेचा मोठाच उत्कर्ष झाला. सिंधमधील चन्हुदारो येथे सन १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी केलेल्या उत्खननात मणी घडविणाऱ्यांचे कारखाने सापडले. त्यांतील कार्नेलियनचे लांब मणी पाहून आजचा यंत्रज्ञही विचारात पडेल. कार्नेलियन पोलादी सुरीलाही दाद देत नाही. त्यास छेदण्यासाठी तेथील कारागिरांनी एक विशेष जातीचा कठीण दगड तापवून तयार केला होता. मॅके यांच्या स्मरणार्थ संशोधकांनी त्यास 'अर्नेस्टाइट' असे नाव दिले आहे. प्रत्यक्ष प्रयोग करून पाहता या दगडी टोकाने ताशी सुमारे अडीच मिलिमीटर एवढीच प्रगती होते, असे आढळले. म्हणजे सहा सेंटिमीटर लांबीच्या एका मण्यास चोवीस तास अखंड बरमा फिरवावा लागत असला पाहिजे!

परंतु वेळेपेक्षाही नवल आहे ते दिशेचे. एवढे लांब छिद्र एकाच टोकाने पाडू गेल्यास बरमा वाट सोडतो आणि मण्याच्या कडेतून बाहेर पडतो. म्हणून ते कारागीर मण्यास दोन्ही टोकांनी वेध घेत आणि दोन्ही छिद्रांची भेट मध्यभागी घडवून आणीत. आज बोगदा खणणारे अभियंते हेच करतात. गुजरातेतील खंबायत येथे हिऱ्याच्या दोन कण्या टोकाशी बसविलेला कमानीचा बरमा वापरून मणी विंधण्याची परंपरा आपल्या काळापर्यंत टिकून राहिली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सामत्याची रचना आणि तीतील शहाणपण

आपल्याकडे सुताराच्या कमानीच्या बरम्यास 'सामता' असे म्हणतात. ज्या घरांतून सुतारकी चालत असे, तेथील वडीलधाऱ्यांनी तो अवश्य पाहिला असेल. एक लाकडी दांडी. तिच्या खालच्या टोकास घरी ठोकून बनविलेले पोलादी पाते. कमानीच्या दोरीचा दांडीभोवती एक वेढा. आणि दांडीच्या माथ्यावर दाब देण्यासाठी लाकडाचा पोकळ गट्टू किंवा नारळाची अर्धी करवंटी. कमान पुढेमागे केली की दांडी उलटसुलट फिरते. ती दोन्ही दिशांनी फिरत असल्यामुळे पात्यासही दोन्ही अंगांनी धार लावावी लागते.

वरवर पाहता हे साधन अगदीच ओबडधोबड वाटते. वस्तुतः त्यात एक मोठे तत्त्व साठविलेले आहे. दांडीचे खालचे टोक टोच्याने केलेल्या खळग्यात बसते आणि वरचे टोक करवंटीत फिरते. म्हणजेच फिरणाऱ्या आसास दोन ठिकाणी आधार मिळतो. कोणतीही रेषा दोन बिंदूंनी निश्चित होते; त्याचप्रमाणे बरम्याची वाट दोन आधारांनी निश्चित होते. करवंटी धरणारा डावा हात जितका स्थिर, तितके छिद्र सरळ. छिद्राची अचूकता हत्याराच्या किमतीवर अवलंबून नसून हत्याराला कोठे कोठे आणि कसा आधार दिला आहे यावर अवलंबून असते, हा या लेखातील मुख्य मुद्दा होय. आणि पुढे पाहावयाच्या प्रत्येक उद्योगात त्याचाच पुनः प्रत्यय येईल.

हे साधन केवळ आपलेच होते असे नाही. इजिप्तमधील थीब्ज येथे रेख्मिरे या प्रधानाच्या, सुमारे ३४५० वर्षांपूर्वीच्या थडग्यातील भित्तिचित्रांत कमानीचा बरमा चालविणारा सुतार रंगविलेला आहे. ग्रीक कवी होमर याच्या 'ओडिसी' काव्यात जहाजाच्या लाकडास भोक पाडताना एकाने वरून बरमा धरावा आणि खालच्या माणसांनी दोन्ही बाजूंनी पट्टा ओढून तो फिरवावा, अशी उपमा योजिलेली आहे. अरणीमंथनाने अग्नी उत्पन्न करण्याची आपली वैदिक रीतही याच कुळातील. ज्याने प्रथम दोरीने दांडी फिरविली, त्याला अग्नी आणि छिद्र या दोहोंची किल्ली एकदमच सापडली असे म्हणावयास हरकत नाही.

सुवर्णकाराचे दोन वेध

सुवर्णकाराच्या उद्योगात वेध दोन प्रकारचा : मोत्याचा आणि तारेचा.

नथीतील मोती ज्या भगिनी मिरवितात, त्यांनी त्या मोत्याच्या छिद्राकडे एकवार भिंगातून पाहावे. मोती गोल, गुळगुळीत आणि ठिसूळ. त्यास हातात धरून विंधणे अशक्य. जे. कॉर्डिनर या ब्रिटिश लेखकाने सन १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सिंहलद्वीपातील मोती विंधणाऱ्यांचे वर्णन दिले आहे. तीन पायांच्या लाकडी ठोकळ्यावर लहानमोठे खळगे केलेले असत. त्यांत मोती घट्ट बसवीत. आणि कारागीर कमानीने बरमा चालवीत असता त्याच उजव्या हाताची करंगळी जवळच्या करवंटीतील पाण्यात बुडवून मोत्यावर थेंब सोडीत असे, जेणेकरून मोती तापून तडकू नये. एकाच हाताने कमान ओढावयाची आणि त्याच हाताच्या करंगळीने पाणी द्यावयाचे! आज कारखान्यात छिद्र पाडताना थंडाव्यासाठी द्रवाची धार सोडणारी यंत्रणा असते. तिचे काम तेथे एका करंगळीने केले. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इराणी आखातातील मोत्यांची मुंबई ही फार मोठी पेठ होती, आणि तेथे मोती निवडण्याइतकेच मोती विंधण्याचे कामही चालत असे.

दुसरा वेध जंतरड्याचा. जंतरडे म्हणजे तार ओढण्याची पोलादी पट्टी. तिच्यावर क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या ओळी असतात. सोन्या-चांदीची कांडी टोकाशी निमुळती करून एका छिद्रातून ओढावयाची, तापवून मऊ करावयाची, मग पुढील लहान छिद्रातून ओढावयाची. येथे छिद्र हेच माप आणि छिद्र हेच हत्यार. ही छिद्रे निमुळत्या सुंब्याने एका अंगाने ठोकून आणि दुसऱ्या अंगाने उघडून केली जात. वापराने छिद्र मोठे झाले म्हणजे पट्टी फेकून देत नसत. छिद्राभोवती हातोडीने ठोकून ते बुजत आणावयाचे आणि सुंब्याने पुनः हव्या त्या मापाचे करावयाचे, अशी रीत होती. माप मोजण्याचे सूक्ष्म यंत्र जवळ नसता, तार शेजारच्या छिद्रात शिरते की नाही एवढ्याच कसोटीवर हे काम चाले. आपण मापाला आकड्यांत ओळखतो. त्यांनी त्यास हाताच्या बोटांत ओळखले.

लोहाराचा तप्त वेध

लोखंडास थंड स्थितीत छिद्र पाडणे दुष्कर म्हणून लोहाराने अग्नीची मदत घेतली. हातोडीच्या किंवा कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी जे आरपार छिद्र लागते, ते बरम्याने न पाडता सुंब्याने पाडले जाते. लोखंड पिवळसर तापवून ऐरणीवर ठेवावयाचे, खुणेवर सुंबा धरून घणाचे तीन-चार घाव घालावयाचे, लगेच सुंबा काढून पाण्यात बुडवावयाचा, छिद्रात चिमूटभर कोळशाची पूड टाकावयाची आणि पुनः सुंबा धरावयाचा. पूड टाकल्याने सुंबा अडकत नाही. घावाचा आवाज आणि हाताला लागणारा ठणका बदलला, म्हणजे सुंबा तळाशी पोहोचला असे समजावे. मग तुकडा उलटा करावयाचा. या क्षणी लोहाराची खरी परीक्षा असते, कारण उलट बाजूस खूण केलेली नसते. परंतु सुंब्याच्या थंड टोकामुळे तेवढीच जागा निवालेली असते आणि तप्त लाल पृष्ठभागावर तिचा काळसर ठिपका क्षणभर दिसतो. तो दिसेनासा होण्यापूर्वी त्याच्या मध्यावर सुंबा टेकवून घाव घातला की लहानशी चकती निखळून ऐरणीच्या भोकातून खाली पडते, आणि दोन्ही वेध एकमेकांस मिळतात. दोन्ही अंगांनी वेध घेण्याची मणीकारांची युक्ती येथेही आहे. मात्र येथे वाटाड्या तो काळा ठिपका!

या रीतीचा आणखी एक लाभ असा की छिद्र पडताना धातू फारसा वाया जात नाही. तो बाजूस सरून छिद्राभोवती दाटतो. म्हणून सुंब्याने पाडलेले हातोडीचे भोक बरम्याने पाडलेल्या भोकापेक्षा मजबुतीस उणे नसते, किंबहुना सरस ठरते.

बंदुकीच्या नळीचा वेध हा या उद्योगातील सर्वांत लांब वेध होय. 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फजलने लिहिले आहे की पूर्वी बलवान माणसे लोखंडी हत्यारांनी मोठ्या कष्टाने नळ्या आतून साफ करीत. पुढे असे एक चाक योजण्यात आले की एका बैलाच्या बळाने एकाच वेळी सोळा नळ्या साफ होऊ लागल्या. बळ बदलले, हत्यारही वाढले; परंतु नळीच्या आसाशी हत्याराचा आस जुळविणे हे काम अखेर कारागिराच्याच नजरेकडे राहिले.

तांबटाचा आणि पाथरवटाचा हिशेब

तांबट-कासारांचे द्रव्य म्हणजे पत्रा. कढईच्या कड्या रिव्हेटने जोडण्यासाठी, झाऱ्यासाठी, चाळणीसाठी, किसणीसाठी आणि शेव-चकलीच्या सोऱ्याच्या चकत्यांसाठी त्यास छिद्रे लागतात. पातळ पत्र्यास नुसत्या सुंब्याने ठोकले तर पत्रा आत खचतो आणि छिद्राची कड फाटते. म्हणून पत्र्याखाली शिशाचा ठोकळा किंवा लाकडाचा आडवा कापलेला ओंडका घेतात. तो घाव झेलतो आणि पत्र्याला चहूबाजूंनी धरून ठेवतो. याहून नेमके छिद्र हवे असेल तर सुंब्यास खालून जोडीदार लागतो. म्हणजे तेवढ्याच मापाचे छिद्र असलेली पोलादी पट्टी. सुंबा आणि ते छिद्र यांत प्रत्येक बाजूस पत्र्याच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढी फट असावी, असा आजच्या कारखान्यांतील ठोकताळा आहे. किसणीस मात्र मुद्दामच जोडीदार देत नाहीत, कारण तिची फाटलेली कड हेच तिचे दात होत. दोष कोठे टाळावा आणि कोठे कामास लावावा, हे ज्याला कळले तोच कारागीर.

पाथरवटाच्या वेधात फिरविण्यासाठी दोरी नाही, कमान नाही. पहार किंवा छिन्नी धरावयाची, घाव घालावयाचा, आणि प्रत्येक घावानंतर ती हातात किंचित फिरवावयाची. न फिरविता घाव घालीत राहिल्यास धार एकाच फटीत रुतते. फिरवीत राहिल्यास प्रत्येक घाव आधीच्या घावाला छेदतो आणि छिद्र गोल होते.

पाश्चात्त्यांकडील हकीकत

आपल्याकडे असा एक समज आहे की पाश्चात्त्यांना अचूकता यंत्रांनी आयती दिली आणि आपण मागे राहिलो. इतिहास निराळे सांगतो. जेम्स वॅट हा ग्लासगो येथील उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. त्याने वाफेच्या यंत्रातील सुधारणेचे पेटंट सन १७६९ मध्ये घेतले. परंतु पुढील कित्येक वर्षे ते यंत्र धड चालेना. कारण कल्पनेत उणीव नव्हती. उणीव होती ती छिद्रात. सिलिंडर आतून इतके वाकडेतिकडे असत की दट्ट्या आणि भिंत यांमधील फटीतून वाफ निसटून जाई. वॅटने बूच, चिंध्या, कागद, जुन्या टोप्यांचे तुकडेसुद्धा कोंबून पाहिले.

हा पेच जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने सोडविला. त्याने सन १७७४ मध्ये तोफा कोरण्याच्या रीतीचे पेटंट घेतले होते. पुढे सिलिंडरसाठी त्याने यंत्र रचले, त्यात कोरणीचा दांडा सिलिंडरमधून आरपार नेऊन त्यास दोन्ही टोकांशी आधार दिला. पूर्वी दांड्यास एकाच टोकाशी आधार असे आणि त्याचे मोकळे टोक ओघळत्या वाटेने जाई. सन १७७६ मध्ये वॅटची यंत्रे चालू झाली. विल्किन्सनने कोरलेल्या पन्नास इंची सिलिंडरमध्ये एका जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक नाही, अशी ग्वाही वॅटचा भागीदार बोल्टन याने दिली. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की जगाचा इतिहास पालटणारी ही युक्ती म्हणजे खाली खळगा आणि वर करवंटी हीच होय! विल्किन्सनने सामता पाहिला होता असे मी म्हणत नाही. एकाच अडचणीने निरनिराळ्या देशांतील कारागिरांना एकाच उत्तराकडे नेले, एवढेच म्हणावयाचे आहे.

पुढे सन १८४७ मध्ये मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सने वेल्समधील कॉनवे येथील लोखंडी पुलासाठी, पत्र्यांना रिव्हेटांची छिद्रे ओळीने ठोकणारे यंत्र केले. आणि कोणते सुंबे केव्हा खाली यावेत हे ठरविण्यासाठी त्याने विणकरांच्या जकार्ड मागाची युक्ती घेतली. लोहाराने कोष्ट्याकडून विद्या घेतल्याचे हे उदाहरण आपण लक्षात ठेवावे. सन १८६३ मध्ये अमेरिकेतील स्टीफन मॉर्स याने पीळदार खाचांच्या बरम्याचे पेटंट घेतले. आज बाजारात मिळणारा बरमा तो हाच. त्याने कीस आपोआप वर येतो आणि खोल छिद्रातही पाते भरून येत नाही. घरी ठोकलेल्या सपाट पात्याचे दिवस तेव्हापासून मावळू लागले.

एक चूक आणि एक पेटी

मुंबईत आगगाडी सन १८५३ मध्ये धावली. तिच्या मागोमाग गिरण्या निघाल्या. आणि आपल्या समाजातील अनेक घरांतील तरुण भाता आणि ऐरण सोडून रेल्वेच्या व गिरण्यांच्या कारखान्यांत फिटर, टर्नर म्हणून शिरले. हाताला वळण होते, म्हणून त्यांना नवे यंत्र परके वाटले नाही. परंतु नव्या हत्याराबरोबर जुन्याविषयी थोडी तुच्छताही घरात आली. या तुच्छतेचा एक अनुभव मी स्वतःच दिलेला आहे, तो येथे लपवीत नाही.

मी शिकाऊ कामगार असताना, सन १९७०च्या सुमारास, आमच्या घरी एका फरसाणवाल्याचे काम आले. सोऱ्यासाठी पितळी चकती, दीड मिलिमीटर जाड, तीन मिलिमीटरची सदतीस छिद्रे. आजोबांनी चकतीवर गेरू फासून कैवाराने वर्तुळे आखली. वर्तुळाच्या त्रिज्येइतकेच कैवार उघडून परिघावर पावले टाकली की बरोबर सहा भाग पडतात. त्यावरून मध्ये एक, मग सहा, मग बारा, मग अठरा, अशा सदतीस खुणा त्यांनी टोच्याने केल्या. पुढील काम मी अट्टहासाने मागून घेतले. नवा पीळदार बरमा आणला होता. चकती डाव्या हाताने धरली आणि यंत्र सुरू केले. पहिली पाच छिद्रे झाली ती गोल नव्हेत, तिकोनी! सहाव्या छिद्रास बरम्याने पितळ चावले, चकती गरकन फिरली आणि माझ्या अंगठ्यास खोल जखम झाली.

आजोबा रागावले नाहीत. जखम बांधून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "यंत्राला नावे ठेवू नकोस. पत्र्याला आधार कोणी दिला होता?"

पुढे मला कारण कळले. पीळदार बरम्याची धार पितळासारख्या धातूत आपणहून घुसू पाहते. म्हणून पितळासाठी तिची अणी किंचित मोडावी लागते. जुन्या सपाट पात्याला ही खोड नसते. शिवाय पत्रा पातळ असला म्हणजे बरम्याचे टोक पलीकडे निघून जाते आणि त्याच्या अंगास काठाचा आधार मिळण्यापूर्वीच तो डगमगू लागतो. त्यामुळे छिद्र तिकोनी होते. आधार एकच उरला, वाट सुटली.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी नव्या चकतीसाठी पेटीतून आपली जोडी काढली. दोन जाड पोलादी पट्ट्या, दोन खुंट्यांनी एकमेकींशी जखडलेल्या, दोहोंतून एकदमच पाडलेले एक छिद्र आणि मध्ये पत्रा शिरेल एवढी फट. वरची पट्टी सुंब्यास वाट दाखवी, खालची त्याची जोडीदार होई. वरून खुणा दिसत नाहीत, मग वेध नेमका कसा घ्यावयाचा? त्यासाठी सुंब्याच्या तोंडाशी मधोमध एक बारीक अणी ठेवलेली होती. सुंबा हलकेच टेकवून पत्रा सरकवीत जावयाचे. अणी टोच्याच्या खुणेत पडली की हाताला कळते. मग एकच घाव. आजी भाता ओढीत होती, कारण मध्येच सुंब्यास पुनः पाणी द्यावे लागले. जुन्या कानशीपासून तो केलेला होता. तापवून पाण्यात बुडविला, घासून उजळ केला आणि मंद आचेवर धरला. पोलादावर प्रथम फिकट पिवळा रंग आला, तो सुमारे २३० अंश सेल्सिअसचा. मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा निळ्याकडे झुकण्याच्या आत आजोबांनी त्यास पाण्यात घातले. पिवळ्यावर थांबले तर अणी मोडते, निळ्यावर गेले तर ती वाकते. संध्याकाळपर्यंत सदतीस छिद्रे झाली, आणि ती गोल झाली.

त्याच काळात त्यांनी मला बरम्याने जाड लोखंडात नेमके छिद्र पाडण्याची रीतही शिकविली. उजळ केलेल्या लोखंडावर मोरचुदाचे पाणी फिरविले की तांब्याचा पातळ लेप चढतो आणि त्यावर रेघ स्पष्ट उमटते. मध्यावर टोच्याची खूण करावी, हव्या त्या मापाचे वर्तुळ काढावे आणि वर्तुळावर चार बाजूंस चार बारीक बिंदू मारावेत. बरमा किंचित टेकवून पाहावा. तो एका बाजूस सरकला असेल तर ज्या दिशेस न्यावयाचा त्या बाजूस छिन्नीने लहानशी खाच मारावी. बरमा खाचेकडे ओढला जातो. मात्र पूर्ण रुंदी आत शिरण्यापूर्वीच हे करावे. नंतर इलाज नाही. छिद्र पूर्ण झाल्यावर चारही बिंदूंचे अर्धे अर्धे भाग काठावर उरले पाहिजेत. "अर्धा बिंदू राहिला तर काम खरे," असे ते म्हणत. पुढे मी मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे काम केले. तेथे सुंबा व त्याचा जोडीदार यांना खांबांनी जुळविलेला जो संच मी रोज हाताळला, तो आजोबांच्या दोन पट्ट्यांचाच सुधारलेला अवतार होता.

आजोबा गेल्यानंतर आम्ही घर बदलले. नव्या जागेत अडगळ नको म्हणून त्यांची पेटी मी मोडीत घातली. ती अठरा किलो भरली. तिच्यात ती पट्ट्यांची जोडी होती, अणीचे सुंबे होते आणि आजोबांच्याही वडिलांच्या हातचे एक जंतरडे होते. अणी मोडू न देता त्या सुंब्यास पाणी देण्याचा प्रयत्न मी पुढे अनेकवार केला. रंग तोच धरला, पोलादही तसेच घेतले. परंतु त्यांच्या हातची टिकाऊ अणी मला एकदाही साधली नाही. विचारण्यास कोणी उरले नव्हते आणि पाहण्यास वस्तूही उरली नव्हती.

ज्ञातिबांधवांस विनंती

ज्ञातिबंधू-भगिनींनो, वंशपरंपरेने चालत आलेल्या उद्योगाचे गुणगान करून तरुणांना पुनः भात्याशी बसवावे, असे सुचविण्याचा हेतू या लेखात नाही. घरची विद्या घराबाहेर न जाऊ देण्याच्या जुन्या रीतीने तिचे नुकसानच अधिक झाले. जे एकालाच ठाऊक होते ते त्याच्याबरोबर गेले. आपली मुले-मुली आज अभियांत्रिकी शिकतात, संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या अचूकतेची छिद्रे पाडतात, याचा आनंदच आहे. परंतु त्यांच्या यंत्रातही तोच प्रश्न उभा असतो : आसाला आधार कोठे दिला आहे? ज्याने हे करवंटीत आणि खळग्यात एकदा पाहिले, त्याला तो प्रश्न पुस्तकाविना उमजतो.

म्हणून विनंती एवढीच की, आपल्या घरी माळ्यावर एखादा सामता, जंतरडे, सुंबा किंवा टोच्या पडला असेल, तर तो मोडीत घालू नये. प्रथम घरातील वृद्धांकडून त्याचे नाव, त्याचा उपयोग, तो कोणी व कशापासून घडविला, ही माहिती विचारून लिहून ठेवावी. भाता ओढणाऱ्या आणि कमान धरणाऱ्या स्त्रियांनाही विसरू नये, कारण अर्धी विद्या त्यांच्या डोळ्यांत आहे. शक्य असल्यास हत्यार चालविताना त्यांचे चित्रण करावे. वस्तू आपल्याच घरी राहू द्यावी. माहितीची एक प्रत मात्र ज्ञातिसंस्थेकडे द्यावी. पुढील स्मरणिकेत अशा हत्यारांची यादी छापता आली, तर अठरा किलो लोखंडाच्या माझ्या ऋणातून मी थोडासा तरी मुक्त होईन.